चारशे बारा तोंडं

टिक.

रविवारची दुपार. घर इतकं गाढ झोपलं होतं की भिंतीवरचं घड्याळसुद्धा चवड्यांवर चालत होतं. नवरा वर्तमानपत्र तोंडावर पांघरून उताणा, सासूबाई आतल्या खोलीत, आणि पाच वर्षांची ठकी आईच्या शेजारी. निदान ठकीच्या जागी पांघरुणाखाली काहीतरी गोल होतं खरं. पलंगाच्या कडेला वही मांडीवर घेऊन बसलेल्या आईने, आठवड्यातून एकदाच हाती लागणाऱ्या या तासात, अहवालाची चार वाक्यं लिहून पाच खोडली होती.

पुन्हा टिक. आवाज पलंगाखालून.

तिने पांघरूण उचललं. खाली उशी.

"ठके!"

"ओरडू नको," पलंगाखालून कुजबुज आली. "आधी बघ, मग ओरड."

ती गुडघ्यांवर आली आणि वाकली. दुरुस्तीला म्हणून घरी आणलेलं यंत्र पोरीच्या मांडीवर होतं. त्याचं बटण सैल झालेलं, म्हणूनच ते एवढ्या मोठ्याने वाजत होतं. अंधारात निळा प्रकाश पडला होता आणि त्या प्रकाशात ठकीने हाताची पाच बोटं पसरून धरली होती.

"डोळ्यांत नाही ना मारलास उजेड?"

"मी काय वेडी आहे? बघ ना, माझी बोटं काजवे झाली!"

पाचही बोटांवर तिने पारदर्शक टोप्या चढवल्या होत्या, यंत्राच्या टोकावर घालायच्या. त्या टोप्या हिरव्या उजळत होत्या. अगदी मंद, कोवळ्या, गोड हिरव्या.

आई हसली नाही. ओरडलीही नाही. तिने पोरीच्या करंगळीवरची टोपी काढली, निळ्या उजेडात धरली, उजेड बंद केला, पुन्हा लावला. हिरवी. पुन्हा बंद. पुन्हा हिरवी. ठकीला वाटलं, आईला खेळ आवडला.

कामाच्या ठिकाणी तिला सगळे भिंगबाई म्हणत. सात माणसांची ती प्रयोगशाळा एकच यंत्र घडवत होती, आणि त्याचं भिंग, दिवा, सगळी नजर हिच्या हातची. तोंडाचा कर्करोग मूळ धरण्याआधी पकडायचा, एवढंच त्या यंत्राचं काम. निळा प्रकाश तोंडात सोडला की निरोगी कातडी आपण होऊन फिकट हिरवा उजेड परत देते. जिथे आत काही बिघडू लागलंय तिथे ती मुकी होते, काळपट दिसते. हिरव्यात काळा डाग दिसला की माणसाला पुढच्या तपासणीला पाठवायचं. लहान पोरालाही कळावं इतकं सोपं. प्रत्येक तोंडाला नवी टोपी, तपासणी झाली की ती टोपी कचऱ्यात.

लोक तिला विचारत, "दिवसभर लोकांच्या तोंडात बघतेस, शी, किळस नाही येत?" नसे येत. कुजके दात, थुंकीच्या तारा, हिरड्यांवरचा पिवळा थर, जेवण झाल्या झाल्या आलेल्या माणसाचा आंबट वास, हे सगळं तिला तान्ह्या पोरीच्या लंगोटासारखं वाटे. घाण आहे, पण आपल्या माणसाची आहे. तोंड उघडून बसलेलं माणूस कितीही मोठं असलं तरी बापडं दिसतं.

तिला किळस येत असे ती दुसऱ्या गोष्टींची. आज पलंगाखाली गुडघ्यांवर बसून तिला ती पहिल्यांदा स्वतःची आली.

कारण हिशेब सरळ होता. जुन्या टोप्या मिळेनाशा झाल्या, दुसऱ्या कारखान्याच्या आल्या, आत्ता ठकीच्या बोटांवर होत्या त्याच. तपासायला तिच्याकडेच आल्या. तिने माप बघितलं, पारदर्शकपणा बघितला, मग कचेरीतल्या चार निरोगी तोंडांवर घालून बघितल्या. चित्र इतकं सुंदर हिरवं आलं की सगळे तिच्या टेबलाभोवती जमले. "भिंगबाई, हात लागला की सोनं करता!" तिने खुशीत सही केली. त्या हिरव्यात तोंडाचं किती आणि टोपीचं किती, हे तिने विचारलंच नाही. आजारी तोंडावर नवी टोपी घालून, तिच्या हिरव्यात काळा डाग बुडतो का, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

आणि खरं तर यंत्राने ही चोरी रोज सकाळी आपण होऊन पकडली असती. दिवस सुरू करताना यंत्र एका काळ्या डबीत घालून शून्य करायचं असतं, म्हणजे यंत्राचा स्वतःचा जो काही उजेड असेल तो वजा होतो. टोपी घालून शून्य केलं असतं तर टोपीचा हिरवाही वजा झाला असता. पण शून्य करताना टोपी घालायची नाही, असा त्यांचा नियम होता. टोप्या मोजक्याच येत, रोज एक अशी डबीत घालून फुकट घालवायची कशाला? सूचनापत्रावर तिसरी ओळ होती तशी. ती ओळ तिच्याच अक्षरात होती.

मागच्या महिन्यात शिबिर झालं. नव्या टोप्या. चारशे बारा तोंडं. डाग सापडला फक्त दोघांना. आधीच्या शिबिरांत विसामागे एक तरी निघत असे. तिने तेव्हा काय म्हटलं होतं? "इकडच्या लोकांची तोंडं चांगली आहेत हो."

"आई," ठकी म्हणाली, "तू रडतेस का हसतेस?"

"नाक वाहतंय," ती म्हणाली. "बोटं दे इकडे."

*

सोमवारी ती साहेबांपुढे उभी राहिली. साहेबांना सगळे मागून इस्त्री म्हणत. एक तर त्यांच्या सदऱ्याला संध्याकाळी सहा वाजतासुद्धा घडी पडलेली नसे, आणि दुसरं म्हणजे कुठल्याही गोष्टीला पडलेली सुरकुती ते बोलता बोलता सपाट करत. तोंडात सदा पुदिन्याची गोळी. ती दातांवर आपटल्याचा कट्कट् आवाज वाक्याच्या मधे मधे येई.

तिने सगळं सांगितलं. टोपी, डबी, तिसरी ओळ, स्वतःची सही. काही लपवलं नाही.

"बसा, बाई. पाणी घ्या," इस्त्री म्हणाले. "मला एक सांगा, यंत्र बिघडलं का?"

"नाही."

"भिंग?"

"नाही, सर."

"म्हणजे यंत्र उत्तम आहे." कट्कट्. "मग घाबरलात कशाला?"

"आपण चारशे दहा लोकांना ठीक आहात म्हणून घरी पाठवलं, सर. त्यातल्या वीसेक जणांच्या तोंडात असू शकतं."

"आपण कुठे म्हणालो ठीक आहात? पत्रकावर काय छापलंय? 'संशयास्पद काही दिसत नाही.' दिसत नाही म्हणजे नाही, असं थोडंच आहे?"

"आपण त्यांच्या हातावर हिरवी टिकली चिकटवली."

"टिकलीला कायद्यात अर्थ नाही, बाई."

असं म्हणून ते हसले. तिला त्यांचं तोंड आतून दिसलं. स्वच्छ, गुलाबी, निरोगी, कोपऱ्यात विरघळणारी पांढरी गोळी. इतकी तोंडं पाहिली तिने, पण किळस आली ती या तोंडाची.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. "महिन्याभरात मंजुरीवाले येणार आहेत. अशा वेळी आपणच गावभर ओरडत सुटायचं? पण मी काही राक्षस नाही. गुरुवारी सगळ्यांना पत्रं जातील, पुन्हा तपासणीला या म्हणून. माझा शब्द. तोवर बाहेर एक अक्षर नको. लोक उगाच हबकतील. तुम्ही स्वतः आई आहात, तुम्हाला कळतं."

आई आहात, हे वाक्य त्यांनी असं टेबलावर ठेवलं जसं कुणी उष्टा चमचा ठेवतं. तिने मान हलवली. का हलवली, हे तिला पुढचे चार दिवस कळलं नाही.

*

ते चार दिवस तिने प्रयोगशाळेच्या गाडीत, ड्रायव्हरकाकांच्या मागच्या सीटवर काढले. काका रोज तिला घरून न्यायचे आणि परत सोडायचे. शिबिरांना टेबलं, आरसे, खोकी हेच वाहून नेत, रांगेत म्हाताऱ्यांना धरून आणत, घाबरलेल्यांना हसवत. गेल्या शिबिरात इस्त्रींनी त्यांनाच पहिलं बसवलं होतं, सगळ्यांसमोर. "आमच्या काकांपासून सुरुवात!" काकांनी आ केला, पडद्यावर हिरवं हिरवं चित्र आलं, टाळ्या झाल्या. काकांनी हातावरची हिरवी टिकली घरी गेल्यावर काढून गाडीच्या समोरच्या काचेच्या कोपऱ्यात लावली होती. ती अजून तिथेच होती. सूर्य आला की चमकायची.

"काय ताई, मौनव्रत का?" मंगळवारी काका म्हणाले.

"डोकं दुखतंय, काका."

"ठकी काय म्हणते? परवा मला विचारत होती, काका, तुम्ही गाडीला झोपवता कधी?"

ती हसली. काकांनी हसताना जीभ डाव्या गालाच्या आत फिरवली. ही त्यांची सवय तिला माहीत होती. तिथे काही खुपतंय म्हणून ते मार्चपासून म्हणत होते. ती टिकलीकडे बघत राहिली. बुधवारीही बघत राहिली. गुरुवारीही. साहेबांचा शब्द आहे, ती स्वतःला सांगे, आणि सांगताना तिला तोंडात पुदिन्याची चव येई.

रात्री ठकीला घास भरवताना नवरा म्हणाला, "तू जेवत का नाहीस?"

"जात नाही."

"नोकरी जाईल म्हणून भीती वाटते?"

"नाही," ती म्हणाली. "जाणार नाही अशी वाटते."

तिच्या ताटातला भात उचलून नवऱ्याने ठकीच्या ताटात ढकलला आणि तिच्यासाठी कपभर गरम दूध आणून ठेवलं. तेवढं ती प्यायली.

शुक्रवारी सकाळी ती टपाल बघणाऱ्या बाईंकडे गेली.

"गेली का पत्रं?"

"कसली पत्रं?" टपालबाई म्हणाल्या. "मला तर पाकिटंसुद्धा नाहीत आली."

अकराला बैठक होती. टेबलावर केक. यंत्राने एक हजार तोंडं तपासली म्हणून. केक उघड्या तोंडाच्या आकाराचा होता: गुलाबी हिरड्या, पांढरे दात, मधे लालभडक जीभ. साखरेचा तुकतुकीत थर जिभेवरून खाली ओघळला होता. इस्त्रींनी जाहीर केलं की यंत्राची सुधारित आवृत्ती येते आहे. यापुढे टोपी घालूनच शून्य करायचं, "आमच्या टीमने शोधलेली नवी पद्धत". सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिबिर यशस्वीपणे समाप्त झाल्याचा कागद फिरला. ज्याने चित्रांवरून डाग मोजायचा प्रोग्रॅम लिहिला होता तो आकडेवाला तिच्या शेजारीच होता. त्याने सही केली आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

"तुला माहीत आहे," ती हळूच म्हणाली.

"माहीत आहे. आपलेच दात, आपलेच ओठ," तो म्हणाला. "चावणार कुणाला? कर सही, जाऊ दे."

इस्त्रींनी सुरी फिरवली. बशी घेऊन स्वतः तिच्याजवळ आले.

"आमच्या भिंगबाईंना जीभ!" ते म्हणाले. "जिभेवर ताबा आहे त्यांचा."

सगळे हसले. बशीत लाल, ओली, गोड जीभ होती. आजूबाजूला माणसं दात चावत होती, हिरड्या चाटत होती, कुणाच्या मिशीला गुलाबी चिकटलं होतं. आकडेवाल्याने दाढ उचलून तोंडात टाकली. तिने बशी सही न केलेल्या कागदावरच ठेवली आणि बाहेर आली. बेसिनवर ओणवी होऊन बराच वेळ उभी राहिली, पण ओकारी झाली नाही. पाच दिवसांची साठलेली होती ती. अशी बेसिनमध्ये निघणारी नव्हती.

आपल्या खणात तिने जुन्या टोप्या शोधल्या. सात मिळाल्या. यंत्र पिशवीत घातलं आणि ती खाली गेली.

*

"काका, गाडी डॉक्टरांकडे घ्या. दातांच्या."

"कुणाला बरं नाही?"

"तुम्हाला."

काका वळून बघू लागले. "मला? मला तर पास केलंय तुम्ही. ती बघा टिकली."

"ती टिकली खोटी आहे, काका."

काकांनी गाडी सुरू केली नाही. ती बोलली. पलंगाखालच्या काजव्यांपासून आजच्या जिभेपर्यंत सगळं. काका समोर बघत ऐकत होते.

"हे कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"रविवारी."

"आज शुक्रवार."

"हो."

त्यांनी किल्ली फिरवली.

दातांच्या डॉक्टरीणबाई शिबिरांना मदतीला येत. पन्नाशीच्या, फटकळ, हात मात्र लोण्यासारखे. भिंगबाईचं बोलणं अर्धं ऐकूनच त्यांनी हातमोजे चढवले. "एवढं रामायण नंतर. काका, बसा. आ करा. आणखी. मोठ्ठा, तुमच्या साहेबाच्या गप्पांएवढा."

खोलीतले दिवे बंद केले. तिने जुनी टोपी घातली. या वेळी टोपी घालून शून्य केलं. निळा उजेड काकांच्या गालात शिरला. पडद्यावर हिरवं आलं, फिकट, थोडं मळकट, खरं. आणि डाव्या गालाच्या आत, दाढेशेजारी, सदऱ्याच्या बटणाएवढा काळा डाग.

"मला बघू द्या," काका म्हणाले.

तिने पडदा त्यांच्याकडे वळवला.

"हा मागच्या महिन्यात पण होता?"

"असणार."

"मशीनला दिसला नाही?"

"मशीनला दिसला असता. आम्हीच झाकला."

डॉक्टरीणबाईंनी दिवे लावले. "डाग म्हणजे कर्करोग नव्हे," त्या म्हणाल्या. "तुकडा काढून तपासायला पाठवते. आठ दिवसांत कळेल. आणि असला तरी एवढ्याशावर सापडलाय, काका. मला रोज मुठीएवढे बघावे लागतात. महिना वाया गेला, वर्ष नाही गेलं."

काका बेसिनपाशी गेले आणि चूळ भरत राहिले. एक, दोन, सहा, सात. पाणी लालसर नव्हतं, तरी ते थुंकत राहिले. मग तोंड पुसून म्हणाले, "बायको म्हणाली होती, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. वेळसुद्धा घेतली होती तिने. मी म्हटलं, गप, मला हिरवी मिळालीय. ओरडलो तिच्यावर."

"काका..."

"तुम्ही चार दिवस माझ्या मागे बसत होता, मॅडम."

सहा वर्षांत ते तिला पहिल्यांदा मॅडम म्हणाले. तिने खाली बघितलं. फरशी स्वच्छ होती. औषधाचा वास. बघण्यासारखं काही नव्हतं, तरी ती बघत राहिली.

काका बाहेर गेले. ती समजली की आता घरी चालत जायचं. पण पाच मिनिटांनी ते परत आले. त्यांच्या काखेत लांब, निळ्या पुठ्ठ्याची वही होती. शिबिराची. नावं, वय, फोन, निकाल. खोक्यांबरोबर गाडीतच पडलेली.

"साहेब म्हणाले होते, कचेरीत जमा करा. राहून गेलं," ते म्हणाले आणि वही खुर्चीवर ठेवली. तिच्या हातात दिली नाही. "पहिलं नाव माझंच आहे. ते खोडा."

डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. "रोज दुपारी दोन ते पाच," त्या म्हणाल्या. "येईल त्याला बघते. उजेडाने नाही, माझ्या बोटांनी. बोटाला टोपी लागत नाही."

*

शनिवारी सकाळी सातपासून ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली होती. नवऱ्याने सासूबाईंना घेऊन बाजार गाठला होता, म्हणजे खरं तर तिला घर मोकळं करून दिलं होतं. ठकी समोरच्या खुर्चीवर गुडघ्यांवर उभी, हातात रंगीत खडू. फोन लागला, माणसाशी बोलणं झालं, की आई बोट दाखवायची आणि ठकी त्या ओळीपुढचा चौकोन रंगवायची. एक निळा, एक पिवळा, एक जांभळा. हिरवा खडू तिने आईच्या सांगण्यावरून डब्यातच ठेवला होता.

"नमस्कार, मी मागच्या महिन्याच्या तोंडाच्या तपासणीच्या शिबिरातून बोलतेय..."

"आम्ही काही विकत घेणार नाही!"

"विकत नाही हो आजोबा, पुन्हा तपासायचंय."

"मला ठीक म्हणाले होते."

"थोडीशी तांत्रिक अडचण आल्यामुळे खबरदारी म्हणून..."

आपलंच वाक्य आपल्याच कानांवर पडलं आणि ती थांबली. कुठेही सुरकुती नव्हती त्या वाक्याला. आपल्याही जिभेखाली पुदिन्याची गोळी आहे असं तिला वाटलं. तिने उठून चूळ भरली, पुन्हा बसली.

"आजोबा, ऐकताय? आमची चूक झाली. तुम्हाला ठीक आहे म्हणालो ते आम्ही नीट न बघता म्हणालो. मी न बघता म्हणाले. कृपा करून सोमवारी दुपारी या."

आजोबांनी शिवी दिली. लांब, जुनी, खानदानी. आणि विचारलं, "पत्ता सांगा."

त्यानंतर ते सोपं झालं असं नाही, पण सरळ झालं. कुणी फोन आपटला. एक बाई रडली आणि मग रडत रडत हिलाच धीर देऊ लागली. एकाने विचारलं, तुमच्यावर फिर्याद करू का? ती म्हणाली, करा, पण आधी तोंड दाखवून या. एक सुतार म्हणाला, "माझ्या हातावरची टिकली पोरीने वहीत चिकटवलीय. आता तिला काय सांगू?" दहाच्या सुमारास इस्त्रींचा फोन आला. तिने घेतला.

"बाई, ती वही आमची मालमत्ता आहे."

"नावं त्यांची आहेत, सर."

"सोमवारी यायची गरज नाही तुम्हाला. कळलं ना?" कट्कट्.

"कळलं. मला सोमवारी दुपारी दोनपासून काम आहेच."

तिने फोन ठेवला. पाच दिवसांनी पहिल्यांदा तिला भूक लागली. तिने पावाचा तुकडा तोडला, अर्धा ठकीला दिला, आणि दोघी चावत चावत पुढच्या पानावर गेल्या. तोंडात भरलेला घास, सांडलेले कण, ठकीच्या हनुवटीवर लाळ. तिने ती अंगठ्याने पुसली आणि अंगठा आपल्या पदराला पुसला.

दुपारपर्यंत एकशे सत्तावन्न चौकोन रंगले. आई फोन फिरवत होती, ठकी एका हाताने पानं उलटत होती, पुढचे चौकोन मोजत होती. मोजता मोजता तिचा खडू थांबला.

"आई, इथे नुसती रेघ आहे."

"कुठे?"

"इथे. आणि इथे. या पानावर पण." ठकीने खडूचं टोक एका ओळीवर ठेवलं. नाव होतं. वय होतं, बासष्ट. निकालाच्या रकान्यात हिरवी खूण होती. फोनच्या रकान्यात शाईची आडवी रेघ.

"त्यांच्याकडे फोन नसेल," आई म्हणाली. "काही लोकांकडे नसतो."

ठकीने मागची पानं चाळली, पुढची चाळली. जिथे रेघ होती तिथे ती बोट ठेवत गेली, ओठ हलवत, मोजत. आईच्या कानाशी पुढच्या नंबराची घंटी वाजत होती.

"आई," ठकीने विचारलं, "मग यांना कोण सांगणार?"